ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि 'मास्टर'ची व्युत्पत्ती

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एका शब्दावरून दीड तास बैठक चालली. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी, तेव्हा शब्द इंग्रजी असणार हे ओघानंच आलं. एका जुन्या प्रकल्पात कोडच्या मुख्य शाखेचं, म्हणजे सगळे बदल शेवटी ज्या प्रतीत येऊन मिळतात तिचं, नाव 'मास्टर' होतं. ते बदलून 'मेन' करायचं का, एवढाच प्रश्न. बदलायला हवं म्हणणारी मुलगी पंचविशीतली. तिचं म्हणणं, हा गुलामांच्या मालकाचा शब्द आहे, तो रोज टाइप करताना लाज वाटायला हवी. तिच्यासमोर बसलेले गृहस्थ माझ्या वयाचे. त्यांनी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि विजयी मुद्रेनं वाचून दाखवलं की मूळ लॅटिन शब्द 'मॅगिस्टर', अर्थ शिक्षक. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या कितीतरी शतकं आधीचा. पुढचा तासभर एका बाजूनं 'संवेदनशीलता' आणि दुसऱ्या बाजूनं 'ढोंग' हे दोन शब्द टेबलावरून इकडून तिकडे फेकले जात होते. मधे चहा आला आणि निवला.

दोघंही एकाच खड्ड्यात उभं राहून भांडत आहेत, असं मला तेव्हाच वाटलं. मूळ वाईट म्हणून शब्द टाका, असं एक म्हणतो. मूळ चांगलं म्हणून ठेवा, असं दुसरा. शब्दाची लायकी त्याच्या जन्मदाखल्यावर ठरते, हे मात्र दोघांनाही मान्य. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये असं आपल्याकडे म्हणतात. त्या यादीत शब्दाची व्युत्पत्तीही घालायला हवी होती. विचारायची ती कुतूहलापोटी जरूर विचारावी, मी आयुष्यभर विचारत आलो आहे. पण निवाड्यासाठी नाही. शब्द ठेवायचा की टाकायचा हे ठरवताना पाहायचं ते एवढंच: आज, या वापरात, या शब्दाच्या समोर कोण उभं आहे?

आधी कुतूहलाचा भाग, कारण तो फार चविष्ट आहे. 'मॅगिस्टर'च्या पोटात लॅटिन 'मॅगिस' आहे, म्हणजे 'अधिक'. त्याचा उलटा भाऊ 'मिनिस्टर', त्याच्या पोटात 'मिनुस', म्हणजे 'उणा'. जो अधिक तो मॅगिस्टर, जो उणा तो मिनिस्टर. मिनिस्टर म्हणजे चाकर, हरकाम्या. आता मुंबईत मंत्रालयासमोर उभं राहून हे मूळ कोणाला सांगून पाहा. शिवाय रोमन माणूस आपल्या गुलामाच्या मालकाला मॅगिस्टर म्हणत नसे. त्यासाठी त्याच्याकडे 'डॉमिनस' हा वेगळा शब्द होता. मॅगिस्टर म्हणजे शाळेचा पंतोजी, जहाजाचा तांडेल, घोडदळाचा प्रमुख. आणि रोममध्ये शिकवणारे कितीतरी जण स्वतः गुलामगिरीतून सुटलेले होते. सम्राट ऑगस्टसनं आपल्या नातवंडांसाठी नेमलेला शिक्षक व्हेरियस फ्लॅकस हा असाच मुक्त केलेला गुलाम. म्हणजे आपला 'मास्टर' जन्मला तेव्हा त्याच्या डोक्यावरच मालक असण्याची बरीच शक्यता होती.

इंग्रजीत हा शब्द जुन्या इंग्रजीच्या काळातच लॅटिनमधून आला होता. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंच 'मेस्त्र'नं त्याला बळ दिलं. मग त्याला जे फाटे फुटले ते पाहिले की एकाच वडाच्या पारंब्या आहेत यावर विश्वास बसत नाही. कारागिरांच्या संघात उमेदवारी करायची, मग रोजंदारीवर काम करायचं, मग एक नमुनेदार वस्तू घडवून वडीलधाऱ्यांपुढे ठेवायची. ती पसंत पडली की माणूस मास्टर. 'मास्टरपीस' म्हणजे ही परीक्षेची वस्तू. विद्यापीठातली मास्टरची पदवी मुळात शिकवायचा परवाना होती. इंग्लंडमधले एक वरिष्ठ न्यायाधीश आजही 'मास्टर ऑफ द रोल्स' म्हणवतात, म्हणजे सरकारी दप्तराच्या गुंडाळ्यांचे प्रमुख. शब्दावरचा आघात कमी होता होता 'मास्टर'चा 'मिस्टर' झाला; स्त्रीरूप 'मिस्ट्रेस', आणि त्याचे तुकडे पडून मिसेस, मिस, मिझ. मिस्टर मोठ्यांना लागला तसा मूळचा 'मास्टर' लहान मुलांच्या वाट्याला आला. आपल्याकडे पत्रिकेवर 'चि.' लिहितात त्या जागी इंग्रजीत मास्टर.

आपल्या घरात तर हा पाहुणा निदान तीन दारांनी शिरला. पोर्तुगिजांचा 'मेस्त्र' गोव्या-कोकणात उतरला आणि त्याचा मेस्त्री झाला. सुतार, गवंडी, पुढे थेट आडनाव. इंग्रजांचा मास्टर शाळेत आला आणि मास्तर झाला, स्टेशनात गेला आणि स्टेशनमास्तर, टपालात पोस्टमास्तर, शिवणयंत्रापाशी टेलरमास्टर. रंगभूमीवर तो मास्टर दीनानाथ आणि मास्टर कृष्णराव यांच्या नावाआधी मानानं बसला. तिसरं दार सर्वांत गमतीचं. मराठी मध्यमवर्गीय बाई नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळून 'आमचे मिस्टर' म्हणते. व्युत्पत्तीच्या कायद्यानं चालायचं तर ही माउली रोज शेजारणीला 'माझे धनी बाजारात गेलेत' असं सांगते आहे. आणि जी जुनी मंडळी खरोखरच 'आमचे मालक' म्हणत, त्यांच्यापेक्षा आपण सुधारलेल्या आहोत असं तिला वाटतं. एकाच मुळाचे मेस्त्री, मास्तर आणि मिस्टर. यांतला एकही गुलामाचा मालक नाही. पण 'मास्तरडा' म्हणून हिणवलेला गरीब शिक्षक मात्र आहे, म्हणजे 'अधिक'वाला शब्द आपल्या मातीत 'उण्या'च्याही कामी आला.

आता समोरच्या बाजूचं खणखणीत नाणं. अमेरिकेत 1865 पर्यंत माणसं विकली जात होती, आणि विकत घेणाऱ्याला तिथं डॉमिनस नव्हे, मास्टरच म्हणत होते. हा शब्दकोशातला अर्थ नाही, घराघरातली आठवण आहे. ज्याच्या पणजोबाला 'मास्टर' म्हणावंच लागत होतं, त्याला लॅटिन शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. 'त्याचं आपल्याला काय' असं म्हणणारेही आमच्या बैठकीत होते. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पुण्याचा आणि त्या गुलामगिरीचा संबंध आमच्या कंपनीहून बराच जुना आहे.

शिवाय शब्द बदलायची चळवळ पोरकट असते, असं महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. 1938 साली मुंबई विधानसभेत कायद्याच्या मसुद्यात 'हरिजन' शब्द घालायचं ठरलं तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी विरोध करून सभात्याग केला होता. 2020च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. जिथं पत्ता सांगतानाच जात सांगावी लागते, तिथं राहणाऱ्याला नाव बदलणं म्हणजे काय ते आपण कोण सांगणार?

पण हीच उदाहरणं जरा नीट उलगडून पाहा. 'हरिजन'चं मूळ काय? हरीचे जन, देवाची माणसं. यापेक्षा उजळ व्युत्पत्ती शोधून सापडायची नाही. ज्यांच्यासाठी हा शब्द योजला त्यांनी तो झिडकारला, कारण बोलणारा वरून खाली पाहून बोलत होता. आणि 'दलित'? दळलेला, भरडलेला, चिरडलेला. धातुपाठात पाहिलं तर याहून करुण शब्द नाही. 1972 साली मुंबईतल्या तरुणांनी तोच शब्द घेऊन दलित पँथर उभी केली आणि त्याला धार आली. सोन्यासारखं मूळ असलेला शब्द गेला, भरडलेलं मूळ असलेला राहिला. आमच्या बैठकीतल्या शब्दकोशवाल्या गृहस्थांना मी हे विचारलं असतं, पण त्यांनी मोबाइल खाली ठेवलाच नाही.

मुळावरून शब्द गाळायचे म्हटलं तर चाळणीत काय उरेल? 'रोबो' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या नाटकातून आला. त्याच्या मुळाशी 'रोबोटा' आहे, म्हणजे वेठबिगारी. आज शाळेतली मुलं रोबो बनवायच्या शिबिराला जातात आणि पालक फी भरतात. खुद्द 'स्लेव्ह' हा शब्द स्लाव लोकांच्या नावावरून आला, कारण मध्ययुगीन युरोपात पकडून विकल्या जाणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती. पोलंडचा माणूसही स्लावच, पण त्यानं या शब्दावर हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट 'बॉस'ची. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गोऱ्या कामगारांना मालकाला 'मास्टर' म्हणणं नकोसं झालं. मास्टर म्हणायचं ते गुलामांनी, आम्ही पगारी स्वतंत्र माणसं. म्हणून त्यांनी डच वसाहतीतून आलेला 'बास' उचलला, त्याचा बॉस झाला. गुलामगिरीचा वास टाळायला घेतलेला हा स्वच्छ शब्द. तोच डच 'बास' दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथं काळ्या नोकरानं गोऱ्या मालकाला 'बास' म्हणायचं असा दंडक झाला. गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या राजकारणाला नावच मिळालं 'बासस्काप'. एक शब्द, एक मूळ, एक अर्थ. एका समुद्राच्या काठी सुटकेचा, दुसऱ्या काठी बेडीचा. शब्दाच्या पोटात काही बदललं होतं का? बदलला होता तो समोर उभा राहणारा माणूस. आणि आमच्या बैठकीत 'मास्टर' नको म्हणणारे सगळे जण, बैठक संपल्यावर बाहेर येऊन 'बॉसला विचारू' असं म्हणाले.

म्हणून माझी कसोटी जोडीदाराची. मास्टरच्या समोर उमेदवार असेल तर तो उस्ताद, शिष्य असेल तर गुरू, नक्कल असेल तर अस्सल प्रत, कुलुपं असतील तर सगळी उघडणारी किल्ली. समोर स्लेव्ह असेल तर तो मालक, मग त्याचं कूळ कितीही थोर असो. यंत्रांच्या जगात ही शेवटची जोडी बरीच उशिरा आली. केपटाऊनच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी 1904 साली आपल्या घड्याळांच्या वर्णनात 'स्लेव्ह' घड्याळ असा शब्द वापरला. एका घड्याळाच्या ठोक्यावर दुसरं चालणार. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा सत्तर वर्षं झाली होती, आणि तरीही त्याच शहरात आज्ञेवर चालणाऱ्या वस्तूसाठी सुचली ती उपमा हीच. नंतर मोटारींचे सिलेंडर, संगणकाच्या डिस्क, माहितीचे साठे, सगळीकडे मास्टर आणि स्लेव्ह. इथं मी त्या पंचविशीतल्या मुलीच्या बाजूला आहे, काही हातचं न राखता. ही जोडी जायलाच हवी. नैतिक कारण पुरेसं नसेल त्यांना व्यावसायिक कारण सांगतो: ही उपमा तांत्रिकदृष्ट्याही चूक आहे. मुख्य साठा बंद पडला की त्याची प्रत पुढे होते आणि स्वतःच मुख्य बनते. असं स्वातंत्र्य कुठल्या गुलामाला होतं? 'मूळ आणि प्रत' म्हटलं की नवख्यालाही काय चाललंय ते कळतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींनी 2018 साली, माहितीचे साठे सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलवाल्यांनी 2020 साली ही जोडी मोडायचं ठरवलं, ते योग्यच झालं.

कोडच्या शाखेचं प्रकरण वेगळं. कोडमधले बदल आणि शाखा सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत 'मास्टर' शाखा आहे, 'स्लेव्ह' शाखा नाही. गिटच्या आधी लिनक्स ही संगणकप्रणाली घडवणारे लोक तसलीच बिटकीपर नावाची प्रणाली वापरत, तिच्या कागदपत्रांत ती जोडी होती, हे खरं. तेव्हा हा शब्द तिथून घरंगळत आला असेल, असं म्हणता येतं. पण हेही पुन्हा कुळाचंच संशोधन. रोजच्या वापरात त्या मास्टरसमोर कोणी वाकलेलं नाही. फांद्या फुटतात, परत मिळतात, एवढंच. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर 2020च्या उन्हाळ्यात अमेरिका पेटलेली असताना, गिटवरचे प्रकल्प ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळानं नाव बदलायचं जाहीर केलं आणि त्या ऑक्टोबरपासून नव्या प्रकल्पांत 'मेन' आलं. त्याच सुमारास ह्यूस्टनच्या घरविक्री दलालांच्या संघटनेनं 'मास्टर बेडरूम'ऐवजी 'प्रायमरी बेडरूम' केलं. आमच्या हिंजवडीच्या बाजूच्या होर्डिंगांवर अजून मास्टर बेडरूमच आहे. त्या खोलीचा खरा मालक वीस वर्षं बँक असते, त्यामुळे शब्द तसाही खोटाच.

बदलाचे समर्थक म्हणतात, आणि हा त्यांचा सर्वांत साधा, सर्वांत अवघड मुद्दा: बदलायला लागतं काय? 'मेन' आखूड आहे, सोपं आहे, कोणाला टोचत नाही. मग का अडता? मी अडत नाही. खुशाल बदला, आम्हीही बदललं. माझी हरकत या बदलाची पावती फाडून ती न्यायाच्या खात्यात जमा करण्याला आहे. स्वस्तात झालेल्या कामाची अडचण ही की महाग काम पुढे ढकलायला ते उपयोगी पडतं. येल विद्यापीठात 2016च्या एप्रिलमध्ये काय झालं पाहा. वसतिगृह-महाविद्यालयांच्या प्रमुखांना 'मास्टर' म्हणत, ते पदनाम रद्द झालं. त्याच घोषणेत असंही ठरलं की 'कॅल्हून कॉलेज'चं नाव मात्र तसंच राहील. जॉन कॅल्हून कोण? गुलामगिरी ही चांगली गोष्ट आहे असं अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभं राहून सांगणारा राजकारणी. गुरू या अर्थाचा मास्टर गेला आणि गुलामांचा खराखुरा मास्टर दारावरच्या पाटीवर राहिला. विद्यार्थी गप्प बसले नाहीत म्हणून 2017 साली ते नाव बदललं आणि संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं आलं. पण मधलं जवळजवळ वर्षभर ते विद्यापीठ व्युत्पत्तीच्या बाजूनं अगदी निर्मळ होतं.

आणि आता उलट बाजूची एक हकीकत, जी मला त्या दीड तासात सारखी आठवत होती. 1963 साल, अलाबामातलं गॅड्सडेन. नागरी हक्कांच्या चळवळीतली मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती न्यायालयात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला नुसतं 'मेरी' म्हणून प्रश्न विचारू लागला. तिथं गोऱ्या बायकांना मिस किंवा मिसेस म्हणायचं आणि काळ्या बायकांना नुसत्या नावानं हाक मारायची, अशी रीत होती. तिनं उत्तर द्यायचं नाकारलं. मला नीट संबोधलं तर बोलेन. न्यायाधीशानं न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1964 साली तिच्या बाजूनं निकाल लागला. ती ज्यासाठी भांडत होती तो शब्द 'मिस'. मिस म्हणजे मिस्ट्रेसचा तुकडा, आणि मिस्ट्रेस म्हणजे मास्टरची स्त्री. ज्या कुळातल्या शब्दानं तिच्या पूर्वजांना बांधलं होतं, त्याच कुळातला शब्द तिनं तुरुंगात जाऊन आपल्या नावाआधी लावून घेतला. तिला कोणी व्युत्पत्ती सांगायला हवी होती का? तिला नेमकं माहीत होतं की त्या खोलीत कोण कोणाला काय म्हणतंय.

आमच्या खोलीत कोण कोणाला काय म्हणत होतं, हे मी बैठकीनंतर पाहिलं. तो चहा आणून देणारे गृहस्थ त्रेपन्न वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी मुलीचं लग्न केलं, आम्ही सगळे त्यांना तोंडावर 'काका' म्हणतो. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, कंपनीच्या बोधचिन्हाखाली, हुद्दा छापलेला आहे: ऑफिस बॉय. इंग्रजीत मास्टर हा शब्द नकळत्या पोरालाही लागतो. आणि आम्ही इथं पिकल्या मिशीच्या माणसाला बॉय करून ठेवलाय. शाखेचं नाव त्या संध्याकाळी बदललं, पाच मिनिटांत. ओळखपत्राचा विषय मी मनुष्यबळ विभागाला लिहून कळवला आहे. हुद्दे ठरावीक यादीतूनच निवडता येतात, असं उत्तर आलं आहे.